जीव संपले की उठायचं

नाशिकहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय ५१, शाळेच्या कार्यालयात नोकरी. घरी नवरा आणि सासूबाई. एकुलती लेक जुलैमध्ये नोकरीसाठी बंगळुरूला गेली. तेव्हापासून त्या रोज रात्री साडेदहाला मोबाइलवर रंगीत गोळ्या जुळवायचा गेम घेऊन बसतात, ते एक-दीड वाजेपर्यंत. गेम लेकीनंच टाकून दिला होता. सुरुवातीला दोघी एकमेकींना ‘जीव’, म्हणजे गेममध्ये खेळायची आणखी एक संधी, पाठवायच्या. लेकीनं आता खेळणं सोडलं आहे. यांनी गेम दोनदा काढून टाकला, दोनदा परत घेतला. अडलेल्या लेव्हल पार करायला थोडे थोडे करत २,३४० रुपये गेले, ते नवऱ्याला माहीत नाही. दिवाळीआधी पुस्तक प्रदर्शनातून नऊ पुस्तकं आणली, त्यातलं एकही तिसाव्या पानापुढे गेलेलं नाही. त्या लिहितात, ‘ताई, कॉलेजात असताना मी आठवड्याला दोन पुस्तकं संपवायचे. आता नवरा म्हणतो, या वयात गेम कसले खेळतेस? मला व्यसन लागलंय का? वाचनाची सवय परत कशी लावू?’

प्रिय मैत्रिणी,

‘व्यसन’ हा शब्द तुमच्या पत्रात सहा वेळा आला आहे, म्हणून आधी त्याचंच बघू. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगचा विकार आपल्या आजारांच्या यादीत घेतला आहे. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. विकार म्हणायला तीन गोष्टी बघतात. खेळण्यावरचा ताबा सुटलेला असतो. खेळ इतका पुढे येतो की बाकीच्या आवडी आणि रोजची कामं मागे पडतात. आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं. या सगळ्यानं घर, नोकरी, नाती यांत काहीतरी गंभीर बिघडलेलं असावं लागतं, तेही साधारण वर्षभर. तुम्ही वेळेवर शाळेत जाता, सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळता. नोव्हेंबरात भाचीच्या लग्नात तीन दिवस राबलात आणि त्या तीन दिवसांत गेम आठवलासुद्धा नाही, हे तुम्हीच लिहिलंय. मी डॉक्टर नाही, पण मला हे व्यसनाचं पत्र वाटलं नाही. झोप मात्र मोडली आहे आणि पैसे लपवले गेले आहेत. या दोन गोष्टी लहान नाहीत, त्यांच्याकडे येतेच.

त्याआधी एक विचारू? लेक जुलैत गेली, हे तुम्ही सुरुवातीला घरच्या माणसांची ओळख करून देताना एका ओळीत लिहिलंत. गेम रात्री साडेदहाला सुरू होतो, हे पुढच्या पानावर. आणि अगदी शेवटी, सासूबाईंच्या लवकर झोपण्याबद्दल सांगता सांगता, एक वाक्य आलं : ‘ती होती तेव्हा साडेदहाला मी मागचं आवरायचे, ती भांडी पुसायची, आणि आमच्या गप्पा चालायच्या.’ तुम्ही ही तीन वाक्यं जोडली नाहीत. मी जोडते आहे, चुकत असेन तर सांगा.

दिवसभरात तेवढी एकच वेळ अशी होती की कुणी तुमच्याकडे काही मागत नव्हतं आणि कुणीतरी तुमच्याशी बोलत होतं. जुलैत ती वेळ रिकामी झाली आणि तिथे लेकीनं दिलेला गेम येऊन बसला. तिनं पाठवलेला जीव आला की ती तिकडे खोलीवर पोचली आहे, जेवली आहे, जागी आहे, हे न विचारता कळायचं. रोज फोन केला तर तिला कटकट वाटेल, असं तुम्हाला वाटतं. जीव पाठवणं ही कटकट नव्हती. मग तिचं खेळणं थांबलं आणि तुम्ही तिथेच बसून राहिलात. काढून टाकलेला गेम तुम्ही दुसऱ्याच दिवशी परत का घेतलात, याचं कारण तुम्ही ‘माझं मन फार कमकुवत आहे’ असं दिलंय. मला ते कारण पटत नाही. ज्या कोपऱ्यात लेक भेटायची तो कोपरा पुसून टाकणं कोणत्याही आईला जडच जाईल.

अर्थात, लेकीची आठवण एवढंच कारण असतं तर तुम्ही अकराला झोपला असता. घड्याळात दीड वाजतो तो गेमच्या बांधणीमुळे. अशा गेममध्ये साधारण पाच जीव देतात, गेलेला एकेक जीव अर्ध्या तासानं भरून येतो. म्हणजे सगळे संपले तरी ‘थोड्या वेळानं ये’ असं निमंत्रण हातात असतंच. लेव्हल हरता हरता ‘एकच चाल कमी पडली’ असं दिसतं आणि नेमक्या त्याच घडीला पाच जादा चाली विकायला समोर येतात. तुमचे पैसे कधी ४९, कधी ८९ असे त्या घडीला गेले आहेत. आणि जिंकणं कधी होईल याचा नेम नसतो, हा त्यातला सगळ्यात मोठा ओढा. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं गेल्या शतकात कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की दर वेळी दाणा मिळायची सवय असलेलं कबुतर, दाणे बंद झाले की लवकर नाद सोडतं. पण दाणा कधी मिळेल याचा भरवसाच नसेल, तर दाणे बंद झाल्यावरही ते कितीतरी वेळ चोच मारत राहतं. दिवसभर राबून आलेल्या माणसानं रात्री अकरा वाजता या रचनेपुढे नुसत्या निर्धारावर टिकून राहावं, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते.

तुमचे मिस्टर साडेअकरापर्यंत मोबाइलवर छोटे व्हिडिओ बघतात, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. त्यालाही तळ नसतो. खाली सरकवत जावं आणि पान संपूच नये, ही युक्ती एझा रास्किन या डिझायनरनं २००६ मध्ये काढली आणि पुढे त्याबद्दल जाहीरपणे खंतही व्यक्त केली. घरात रात्री दोन माणसं दोन तळ नसलेल्या विहिरींत डोकावत बसलेली आहेत. त्यातल्या एकीलाच ‘या वयात’ असं ऐकावं लागतंय.

लहानपणी मे महिन्यात मामाकडे आम्ही भर दुपारी झब्बू आणि बदाम सात खेळायचो. तोही नादच होता. जेवणाची पानं मांडली तरी उठायचं नाही, रडीचा डाव खेळायचा, एकमेकांची पानं बघायची. पण चौथा गडी पेंगायला लागला की डाव मोडायचा. चार वाजता मामी चहा टाकायला उठली की तिचे पत्ते पालथे पडायचे आणि खेळ आपोआप थांबायचा. खेळाला दुसरी माणसं लागत होती, म्हणून खेळाला शेवट होता. तुमच्या हातातल्या खेळाला माणूसच लागत नाही, त्यामुळे तो शेवट बाहेरून आणून बसवावा लागेल. कसा, ते पुढे सांगते.

आता पुस्तकं. तुमच्या पत्रात पुस्तक चांगलं आणि गेम वाईट, हे इतकं पक्कं ठरलेलं आहे की मला माझी आजी आठवली. तिला सासरी कादंबरी तांदळाच्या डब्यामागे ठेवावी लागे. बाई कादंबऱ्या वाचायला लागली की तिचं संसारात लक्ष लागत नाही, असं तेव्हा उघड बोललं जायचं. आजी भात शिजेपर्यंत चुलीपाशी बसून चार-चार पानं वाचायची आणि पावलं वाजली की पुस्तक डब्यामागे जायचं. तेच पुस्तक आज तुमच्या उशाशी गृहपाठासारखं पडून आहे, नऊ प्रतींत. बाईच्या हातात काय आहे यानं फारसं बिघडत नसावं, ती थोडा वेळ कुणाच्या कामाची नसते हेच घराला खटकतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८, असं दिसलं. तुमची नोकरी यावर आणखी. साडेदहानंतरच्या वेळेचा हिशोब कुणी मागत असेल, तर आधी साडेदहापर्यंतचा मांडून दाखवायला हरकत नाही.

आणि ती आठवड्याला दोन पुस्तकं वाचणारी मुलगी! तिच्याशी तुम्ही स्वतःची फार तुलना करताय. ती एकोणीस वर्षांची होती, तिला दुपारी कुणीतरी गरम पोळी वाढत होतं, आणि रात्री अकराला तिचे पाय दुखत नव्हते. दिवसाच्या अगदी शेवटच्या, पार पिळून निघालेल्या तासात तुम्ही पुस्तक उघडताय. त्या तासात गेम जमतो कारण तो काहीच मागत नाही. पुस्तक तुमच्याकडून थोडं मागतं. माणसांची नावं लक्षात ठेवायला लावतं, काल कुठे थांबलो होतो ते आठवायला लावतं. अकरा वाजता ते न झेपणं ही आवड संपल्याची खूण धरू नका.

एक अगदी साधी गोष्ट तपासाल? त्या नऊपैकी एक पुस्तक हातात घ्या, तुमच्या झोपायच्या खोलीतल्या दिव्याखाली, आणि ते नकळत लांब धरता का बघा. पन्नाशीत चाळशीचा नंबर वाढतच असतो. मोबाइलचा पडदा आतून उजळलेला, गोळ्या मोठ्या आणि रंगीत. पुस्तकाचा टाइप बारीक, कागद पिवळट, वर मंद दिवा. माझ्या माहितीतल्या दोन बायकांनी ‘आता वाचनात मन लागत नाही’ असं म्हणत वर्ष-दीड वर्ष काढलं. नंबर तपासला, चष्मा बदलला, उशाशी चांगला दिवा लावला आणि दोघी वाचायला लागल्या. डोळ्यांची तपासणी मी सगळ्यात आधी करून घेईन.

पैशांचं सांगते. २,३४० रुपये ही रक्कम तुमच्या घरात कुणाला बुडवणारी नाही. जड आहे ते लपवणं, आणि तेच जास्त वाढतं. या आठवड्यात मिस्टरांना सांगा. रात्री नको, त्यांच्या हातात मोबाइल असताना तर नकोच. रविवारी सकाळी चहाला बसाल तेव्हा, सरळ, ‘गेममध्ये माझे चोवीसशेच्या आसपास गेले, मला ते बंद करायचेत, आज आपण दोघं मिळून ती सेटिंग बदलू या,’ असं. ‘माफ कर’ने सुरुवात करू नका, पैसे तुमच्या पगाराचे आहेत. मोबाइलच्या प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारायची सोय असते, ती चालू करा. तिथे जोडून ठेवलेलं कार्ड किंवा यूपीआय काढून टाका. एका बोटानं होणारी खरेदी पाच पायऱ्यांची झाली की रात्रीच्या त्या घडीला ती होत नाही, कारण तिसऱ्या पायरीपर्यंत डोकं थाऱ्यावर येतं.

इथे एक मोठा फरक सांगितला पाहिजे, कारण हे सदर वाचणाऱ्या अनेक घरांत दुसऱ्या प्रकारचा खेळ चालतो. पैसे लावून, जास्त मिळतील या आशेनं खेळायचे ऑनलाइन पत्ते वगैरे. त्यावर केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली आहे. घरात कुणी असं खेळत असेल, कर्ज झालं असेल, तर हे चष्मा आणि दिव्याचं काहीही त्याला लागू नाही. तिथे मदत मागायची. टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

तुमच्या गेमबद्दल मी ‘काढून टाका’ म्हणणार नाही. दोनदा काढून झालाय, आणि दोन्ही वेळा तुम्ही हरल्याची भावना घेऊन परत आलात. त्याची वेळ बदला. संध्याकाळी सहाला तुम्ही घरी येता, चहा घेता, तेव्हा बैठकीच्या खोलीत, सगळ्यांसमोर, खुर्चीत बसून खेळा. पाच जीव संपले की उठायचं, कुकर लावायचा. थांबायची जागा गेमनं स्वतःच आखून दिली आहे. ती तुम्हाला पैसे भरायला लावण्यासाठी आखली आहे, तुम्ही ती उठण्यासाठी वापरा. ‘जीव भरले, या’ अशा सूचना येतात त्या बंद करून टाका. आणि हो, चोरून खेळू नका. अंधारात पांघरुणाखाली खेळलेल्या खेळानं विश्रांती मिळत नाही, कारण अर्धं लक्ष शेजारच्या कुशीच्या हालचालीकडे असतं.

रात्री मोबाइलचं चार्जिंग बैठकीच्या खोलीत. मिस्टरांचाही तिथेच लागला तर उत्तम. एकट्या तुमचा लागला तर ती शिक्षा होईल. ‘मग सकाळी गजर कसा?’ हा प्रश्न तुम्ही विचारणारच. दीड-दोनशे रुपयांचं गजराचं घड्याळ आणा. लेकीचा रात्री फोन येईल ही काळजी असेल, तर आवाज मोठा करून ठेवा, बैठकीतून ऐकू येतो. पहिले चार-पाच दिवस झोप येणार नाही, हात उशाशी चाचपडेल. येऊ दे तो अनुभव, त्यातून जावंच लागतं.

नऊ पुस्तकांपैकी आठ कपाटात ठेवा, दार लावून. प्रदर्शनात आपण जी पुस्तकं घेतो ती सवलतीच्या पाटीखाली, चांगल्या मूडमध्ये, आपण जसे व्हायला हवे होतो त्या माणसासाठी घेतो. तुमच्या यादीत दोन जाडजूड चरित्रं आणि एक पाचशे पानांची कादंबरी आहे. लांबच्या सुटीनंतर पहिल्याच दिवशी डोंगर चढायला काढलात. छोट्या गोष्टींचा जो संग्रह तुम्ही घेतलाय, तेवढा बाहेर राहू दे. रविवारी दुपारी, उजेडात, एक गोष्ट. संपली तर संपली, आवडली नाही तर पुढची. विकत घेतलं म्हणून पूर्ण केलंच पाहिजे असा कुठे नियम नाही.

याहून मला खात्रीचा वाटतो तो वाचनालयाचा रस्ता. तुमच्या शहरात सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. तुम्ही कॉलेजात वाचायचात ती पुस्तकंही वाचनालयाचीच असणार, विकतची नव्हेत. आठवड्याला दोन का संपायची? कारण आत तारखेचा शिक्का असायचा आणि उशीर झाला की दंड. विकतचं पुस्तक वर्षानुवर्षं वाट बघत बसतं, त्याला काही घाई नसते. वाचनालयाचं पुस्तक परत मागतं. शिवाय पुस्तक बदलायला बाहेर पडावं लागतं, चार माणसं दिसतात. पुष्कळ वाचनालयांत दिवाळी अंकांची योजना असते. एकदा वर्गणी भरली की पुढचे काही महिने अंक बदलून बदलून न्यायचे. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकानं सुरू केलेली ही दिवाळी अंकांची रीत तुमच्या आजच्या अवस्थेला फार सोयीची आहे. एक कथा, एक लेख, एखादं व्यंगचित्र, वीस मिनिटांत काहीतरी पुरं होतं. पोळ्या लाटताना कानाला लावून ऐकलेलं पुस्तकही मी वाचनातच धरते, तुम्हीही धरा.

साडेदहाचं काय करायचं, ते मात्र तुम्ही आणि लेक मिळून ठरवा. तिच्यावर पाळत ठेवतोय असं वाटेल म्हणून तुम्ही फोन करत नाही. तीही कदाचित, आई दिवसभर दमलेली असते, म्हणून करत नसेल. तिला एकदा स्पष्ट सांगा की ओट्यापाशी मला तुझी फार आठवण येते. एवढंच. मग बघा ती काय म्हणते. आठवड्यातले दोन वार ठरतील, किंवा ती तिकडे भांडी घासत आणि तुम्ही इकडे ओटा पुसत स्पीकरवर दहा मिनिटं बोलाल. तुमच्याकडे संग्रह आहे त्यातली एकच गोष्ट दोघींनी वाचायची, असंही करता येईल. तिनं ‘आई, मला वेळ नाही’ असं म्हटलं तरी मनाला लावून घेऊ नका. नव्या नोकरीचे पहिले महिने तसेच असतात, पुन्हा पंधरा दिवसांनी विचारा.

उरलेले दिवस रिकामेच राहिले तर राहू द्या थोडे. सासूबाई नऊला आडव्या होतात, पण लगेच झोपत नाहीत, असं तुम्हीच लिहिलंय. त्यांच्याशी पत्त्यांचा एक डाव टाकून बघा, जेवणाआधी. त्या पिढीच्या बायका काय पानं मोजून खेळतात ते तुम्हाला ठाऊक नसेल.

महिनाभर एवढं करा. चष्मा, चार्जर, मिस्टरांशी बोलणं आणि लेकीशी बोलणं या चार गोष्टी आधी. वाचनालय जमेल तसं. महिन्यानंतरही रोज एक वाजत असेल, किंवा खरेदीचा पासवर्ड टाकायला हात जात असेल, तर वर दिलेल्या १४४१६ वर फोन करा किंवा शहरातल्या एखाद्या समुपदेशकाकडे जा, आणि जाताना मिस्टरांना सोबत न्या. मला मात्र लेकीनं काय उत्तर दिलं ते नक्की लिहा.

तुमची,
ताई